कागदावर सदतीस

"किती रे लांब?"

आई दर फोनला हेच विचारायची. आवाज कातर, पण हट्टी.

"सातशे चाळीस किलोमीटर."

"आणि विमानाला वेळ?"

"एक तास पस्तीस मिनिटं, आई."

"एवढाच? माझी दुपारची झोपसुद्धा त्याहून लांब असते रे!"

हे घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं, त्यांनीच सांगितलं. विमानाची शेवटची रांग मोजायला ते अजूनही चढत नाहीत.

विमानतळ लहान. दिवसाला एकच विमान, तेही थेट आईच्या गावचं. आईचं घर तिथल्या धावपट्टीच्या कुंपणाला लागून. प्रवासी किती, सामान किती, ते कागदावर मांडून वैमानिकाची सही घ्यायची, हे त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. नोकरीमुळे तिकीट फुकट.

तरी सहा वर्षं गेले नाहीत. आईने घर बहिणीच्या नावावर केलं, तो काटा आत रुतून बसला होता.

मग एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, आई आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. ये."

"विमान भरलंय गं."

विमान उडालं तेव्हा अकरा जागा रिकाम्या होत्या. कागद त्यांच्याच हातचा.

ते विमान तिकडे उतरलं, आणि आई गेली.

बरोबर एक वर्ष झालं. तीच तारीख. भर दुपार. कागदावर सदतीस प्रवासी.

हवाईसुंदरी मुठीतलं मोजायचं यंत्र दाबत रांगा मोजत होती. टिक... टिक... टिक...

"काका, अडतीस भरतायत."

"डोळे तपासून घे पोरी. पुन्हा मोज."

"दोनदा मोजले. तुम्हीच या ना, नाव काय उगाच पडलंय?"

ते चढले. एकेक डोकं मोजत मागे गेले. सदतीस. शेवटच्या रांगेत खिडकीजवळची जागा रिकामी...

टिक.

पोरीचा अंगठा यंत्रावर नव्हताच.

त्यांनी वाकून पाहिलं. रिकाम्या जागेचा पट्टा लावलेला होता. पोटावर आवळावा तसा... हवेतच ताणलेला.

आसनावर हात ठेवला. ऊबदार.

आणि वास... त्यांच्याच डोक्याच्या तेलाचा.

"काय लिहायचं, काका?"

"सदतीस."

विमान उडालं. ते घड्याळासमोर बसून राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

एक तास पस्तीस मिनिटं.

फोन वाजला. बहीण. तिच्या आवाजामागे नुकत्याच उतरलेल्या विमानाची घरघर.

"दादा... तू कुठे आहेस?"

"ऑफिसात. का गं?"

"आईच्या खोलीला कुलूप होतं. आत काहीतरी सरकलं, म्हणून उघडलं. खुर्ची पलंगाशी ओढलीय, दादा. आणि उघडायच्या आधी... तू खाकरतोस ना, तसं कुणीतरी खाकरलं."



"ऐक... त्या दिवशी विमान भरलेलं नव्हतं. अकरा जागा रिकाम्या होत्या."

 

"माहीत आहे," ती म्हणाली. "आईनेच तुमच्या विमानतळावर फोन करायला लावला होता. अकरा जागा रिकाम्या, म्हणाले. ते ऐकूनही ती म्हणाली, खुर्ची जवळ ओढून ठेव, दादा येईल."

"मग?"

"मी नाही ओढली, दादा. तिचे डोळे मिटेपर्यंत नाही ओढली."