गाळलेली मावशी

मी व्रतवैकल्याची बाई. खोटं बोलून पाप कशाला बांधून घेऊ? मागच्या पौष पौर्णिमेला, दिवस मावळताना, जुन्नरजवळच्या एका गावात हे घडलं. माझ्यासोबतच घडलं.

आम्ही ओतूरचे. कापडाचं दुकान आहे. माझी खुशबू कॉलेजच्या नाटकात होती.

नाटक इंग्रजांच्या काळातलं, विनोदी. थंडीत राहायला आलेल्या साहेब-मडमांनी ते आपल्या क्लबात बसवलेलं. मग आपल्या लोकांनी मराठीत आणलं, यात्रांतून केलं. त्यातल्या बग्गीची जीप झाली, जीपची पिकअप.

पण त्यातली मावशी... कधीच स्टेजवर येत नाही.

"पयल्या खेळाआधीच मावशी व्हणारी मडम तापानं गेली, वहिनी," नाटक बसवणारे सोपानभाऊ म्हणाले. "तवापासून तिची वाक्यं गाळूनच खेळ व्हतो. आमच्या आज्यानं बी गाळली."

तालमीत खुशबू एका वाक्यानंतर थांबली.

"अगं बोल की पुढं! तोंडात तंबाखू धरली काय?"

"भाऊ, मावशीचं संपू दे ना."

सगळे हसले.

मला हसू आलं नाही. घरी येताना म्हटलं, "सोड हे नाटक, बेटा."

"मम्मी! उद्या प्रयोग आहे!"

मग मी तिच्यासोबत गेले. पोरीला एकटीला कशी सोडू?

प्रयोग त्याच जुन्या क्लबात. सूर्य कलला, माझी सामायिकची, आम्हा जैनांच्या ध्यानाची, वेळ झाली. वाळूची घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ, उलटी ठेवायची. वरची वाळू संपेपर्यंत आसनावरून उठायचं नाही. हे माझं रोजचं व्रत. मेकअपच्या खोलीत मी आसन टाकलं.

परक्या जागेत बसण्याआधी तिच्या धन्याची परवानगी मागायची, तो दिसो की न दिसो. उठताना जागा त्याला परत सोपवायची. सासूबाईंनी लावलेली सवय.

मी हात जोडले. "ही जागा ज्याची असेल, त्याने मला बसू द्यावं."

आरशापुढची खुर्ची... हळूच बाजूला सरकली.

खोलीत मी एकटीच होते.

पलीकडे पडदा उघडला. खुशबूचं वाक्य आलं. मग शांतता...

आणि हशा.

पुन्हा तिचं वाक्य. पुन्हा शांतता. पुन्हा हशा.

मी नवकार मंत्र म्हणत राहिले. घडीकडे पाहिलं.

वाळू थांबली होती. मधोमध. पडतच नव्हती.

तेवढ्यात खुशबूचा आवाज आला, "मावशी... या ना आत!"

हे वाक्य तालमीत नव्हतं.

मी व्रत मोडलं. सामायिक तशीच टाकून धावले, थेट स्टेजवर. खुशबू हात पुढे करून उभी होती, पापणीही हलत नव्हती. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार. माझ्या हातात तो हळूहळू ऊबदार झाला.

"मम्मी?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

विंगेत सोपानभाऊ पांढरेफटक पडले होते. "वहिनी, तुमी कशा आल्या? मूळ नाटकात तितं तर मावशी येती..."

"लोक एवढे हसत होते, भाऊ, मला भीती वाटली."

"कोन हसलं? समदे गप बसल्यात की!"

त्या गडबडीत आसन, घडी तिथंच राहिली. जागा परत सोपवायची राहिली.

खुशबू आता बरी आहे. खाते, हसते, बोलताना कुठं थांबत नाही.

काल सूर्यास्ताआधी आम्ही जेवायला बसलो. ती म्हणाली, "मावशी, भाजी वाढ ना."

मी वाढली.

हाक चुकली, हे मला ताटं उचलताना लक्षात आलं.