तीन हिसके

आमच्या गाडीत पाण्याचा थेंब नसायचा. आग लागली की बंब येतो आणि पाणी मारतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे आमची गाडी रस्त्यात उभी राहिली की लोक आधी पाण्याची नळी शोधायचे आणि मग शिव्या घालायचे. "पाणी नाय तर आलात कशाला, आरती ओवाळायला?" असं घाटकोपरच्या एका बाईनं मला तोंडावर सुनावलं होतं. आता तिला काय सांगणार? रंग तोच लाल, घंटा तीच, पण आत सगळी हत्यारं. कटावण्या, जॅक, दोराची भेंडोळी, लांब शिडी आणि धुरात घालायचा पितळी टोप. अंधेरीच्या ठाण्यात तिला रेस्क्यू गाडी म्हणायचे. विझवायचं काम दुसऱ्यांचं, अडकलेला माणूस बाहेर काढायचं आमचं.

मी चंद्रप्रकाश. नाव आईनं हौसेनं ठेवलं, ठाण्यात त्याचं दोन दिवसांत चंदू झालं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. च्यायला, ज्यानं आयुष्यात कधी अंधाऱ्या जिन्यात पाय टाकला नाही तोच रंगवून सांगतो. म्हणून ही हकीकत मी इतकी वर्षं घरातसुद्धा काढली नाही. त्या दिवशीचे बाकीचे तिघे आता नाहीत. मी गेलो की ही गोष्ट पण गेली, एवढ्यासाठीच सांगतोय.

आधी तो टोप समजून घ्या. पुढे गोल काच, मागे जाड रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक भात्याला. लोहाराकडे असतो तसलाच भाता, हातानं चालवायचा. एकानं टोप घालून खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर बसून भाता मारत राहायचं. भाता थांबला की खालचा गुदमरला. टोपात बोललेलं वर ऐकू येत नाही, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि बोलायचं ते दोरानंच. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे वर ओढ. वरच्यानं प्रत्येक हिसका तसाच्या तसा परत द्यायचा, म्हणजे खालच्याला कळतं की वर कोणीतरी शुद्धीवर आहे.

आमचे लीडिंग फायरमन भाऊ रोज सकाळी हे घोटून घ्यायचे. "हिसका आला की परत द्यायचा. विचार करायचा नाही. विचार करायला घरी बायको आहे," असं म्हणायचे. दोरावर नेहमी मी. माझ्या हातांचा मला फार गर्व होता, खोटं कशाला सांगू!

सत्तावन्न सालच्या मे महिन्यातला मंगळवार. सकाळी सव्वाअकराला साकीनाक्याच्या एका वर्कशॉपातून फोन आला, मरोळला विहिरीत माणूस अडकलाय. आम्ही चौघे निघालो. गाडी लवूच्या हातात, पोचल्यावर भाताही तोच मारायचा. टोप घालून उतरायचं सहदेवनं. छातीचा भाता म्हणाल तर सहदेवचाच खरा, अर्धा तास धुरात राहून वर आला तरी विडी मागायचा.

विहीर भाजीच्या वाडीत होती. चौकोनी, काळ्या दगडात बांधलेली, पंचेचाळीस फूट खोल. मे असल्यामुळे पाणी तळाला गेलेलं, आणि गाळ काढायचं काम चालू होतं. राहिलेलं पाणी उपसायला मालकानं तेलाचं इंजिन विहिरीतच फळ्यांवर उतरवलं होतं. काय अक्कल बघा! इंजिनाचा धूर खाली साठत गेला. तळात दोघे होते. गुणाजी डोकं गरगरल्यावर कसाबसा शिडीनं वर आला, त्याचा सोबती धोंडू राहिला. इंजिन आपोआप बंद पडलं होतं. भाऊंनी कंदील दोरीनं खाली सोडला, तो अर्ध्यातच विझला.

"किती वेळ झाला?" भाऊंनी विचारलं.

"अर्धो तास झालो आसतलो," गुणाजी म्हणाला आणि मान खाली घातली.

धोंडूची बायको मालन काठावर ओणवी झाली होती. दोन बायांनी तिला मागून धरलेलं. ती रडत नव्हती. आम्हाला बघून एवढंच म्हणाली, "माजो घोव खाली असा हो. सकाळी न्ह्यारी पण करूक नाय तेनी." अर्ध्या तासात त्या धुरात काय उरतं ते आम्हा चौघांनाही माहीत होतं.

तरी आमची लांब शिडी आत सोडली. सहदेवच्या कमरेची गाठ मी बांधली, दोनदा ओढून बघितली. लवू भात्यावर बसला. सहदेव उतरला आणि दहाएक फुटांनंतर दिसेनासा झाला. बाहेर ऊन इतकं होतं की आत बघितलं की नुसतं काळं.

एक हिसका. मी परत दिला. मग दोन. मी दोर सोडला. पुन्हा दोन.

सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दोराला दर दहा फुटांवर लाल सुताची खूण असते, ती मी सवयीनं मोजत होतो. पन्नास फूट गेला. सहदेव तळाला पोचला म्हणायचा. मग साठ. मग सत्तर. तळाला पोचलेला माणूस इतका दोर घेऊन जातो कुठे? मी हवेच्या नळीकडे बघितलं. नळी पन्नासाच्या खुणेवर होती आणि तसूभरही हलत नव्हती. दोर मात्र चालला होता.

"गुणाजी, खाली भुयार आहे काय रे?" मी विचारलं.

"भुयार खयचा? चारी बाजूक दगड असा."

नव्वद फूट झाले. दर वेळी दोन हिसके, घाई नाही, गडबड नाही. सहदेव घाबरट नाही, पण त्याचा हिसका रांगडा असतो, खांदा निखळेल असा. हा हात हलका होता. कोणीतरी सावकाश, शिकवल्यासारखं दोर मागत होतं.

तेवढ्यात शिडी वाजली. आधी पितळी टोप वर आला, मग खांदे. सहदेव काठावर चढला, टोप काढून त्यानं कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिला. लवूनं भाता थांबवला.

"खाली कोणी नाही रे," सहदेव म्हणाला. "गुडघाभर गाळ आहे. चारी कोपरे पायानं चाचपले, हातानं चाचपले. माणूस नाहीच."

"तुझा दोर कुठाय?" मी विचारलं.

त्यानं कमरेला हात लावला. "तो तळाला पोचल्या पोचल्याच सुटला. शोधला, मिळाला नाही. म्हणून तर शिडी धरून वर आलो."

माझी गाठ सुटत नाही, असं मी त्याला सुनावणार होतो. पण माझ्या हातात दोन हिसके आले.

मी परत दिले आणि दोर सोडला. विचार केलाच नाही. दोर दोन हात आत गेल्यावर डोक्यात उजेड पडला की सहदेव माझ्या शेजारी उभा आहे, आणि मी कोणालातरी उत्तर दिलंय.

माझी पाचावर धारण बसली. "भाऊ, जरा धरा हा," मी म्हणालो.

भाऊंनी दोर घेतला. एक हिसका आला. त्यांच्या मनगटाला बसलेला तो आम्ही सगळ्यांनी बघितला. भाऊंनी सावकाश एक परत दिला.

"इंजिनाच्या पट्ट्यात अडकला असेल," मी म्हणालो.

"पट्टा मोजून हिसके देतो काय रे?" भाऊ म्हणाले.

"सोडून द्या भाऊ," सहदेव पुटपुटला. "हे काहीतरी भलतंच आहे. मी खाली होतो ना, मला माहीत आहे. खाली कोणी नाही."

मालननं ते ऐकलं. तिनं धरणाऱ्या बायांना झटकलं आणि सरळ भाऊंसमोर येऊन उभी राहिली. "कोण तरी असा म्हणून ओढता ना? मगे सोडू नकात."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग दोर माझ्या हातात परत दिला. "बाई बरोबर बोलतायत. दोराला कोणीतरी आहे. असेपर्यंत सोडायचा नाही."

आम्ही थांबलो. मी घड्याळ बघितलं, बारा वाजायला आठ मिनिटं होती. दोर सैल पडला होता.

मग एक. दोन. तीन.

"ओढ!" भाऊ ओरडले.

चौघांनी मिळून ओढला. वजन होतं, पुऱ्या माणसाचं. नव्वद फूट दोर त्या पंचेचाळीस फुटांच्या विहिरीतून आम्ही बाहेर काढला, आणि टोकाला धोंडू होता. गाळानं माखलेला, ओठ निळे, डोळे मिटलेले.

भाऊंनी त्याला पालथा घातला आणि पाठीवर दाब द्यायला लागले. दाब, सोड. दाब, सोड. मालन त्याच्या डोक्याशी बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग धोंडूच्या घशातून घाणेरडा आवाज आला, त्यानं काळं पाणी ओकलं, आणि श्वास घेतला. अहो, काय सांगू, सख्खा भाऊ परत मिळाला असा मी ओरडलो! लवूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालननं पहिल्यांदा तोंडात पदर कोंबला आणि हुंदका दिला.

मी दोर सोडवायला वाकलो, आणि हात तिथेच राहिला. दोराचे दोन फास होते. एक काखेखालून, एक गुडघ्यांखालून, मधे घट्ट आवळलेली गाठ. आम्ही तिला खुर्चीची गाठ म्हणतो. बेशुद्ध माणसाला वर घ्यायला फायरमनच ती बांधतो. मला शिकायला दोन महिने लागले होते.

"मी नाही बांधली," सहदेव म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

अर्ध्या तासानं धोंडूला बसवलं, पाणी पाजलं. भाऊंनी विचारलं, "बाबा, तुला दोर कोणी बांधला?"

"तुमच्याच माणसान." तो दम खात बोलत होता. "माका उचलून बसवल्यान, नि म्हणालो, आदी तू जा, मी मागसून येतंय."

"टोपवाला?"

"नाय. टोप नाय होतो तेच्या डोक्यार. तेकाच धाप लागलेली."

लवू हळूच म्हणाला, "टोप नाय म्हणजे हवा नाय."

भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्या दिवशीचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आईनं हाक मारावी तसा मऊ. "चंदू, दोर खाली सोड. आपलं माणूस आहे. ठेवून कसं जायचं?"

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, की हे आधी मला का सुचलं नाही. मी दोर सोडला.

पन्नास फूट. मग सैल.

वाट बघितली.

तीन हिसके आले. फार हलके.

मी ते परत दिले, आणि आम्ही ओढलं. वजन होतं. धोंडूपेक्षा कमी, पण होतं. सहदेव आता माझ्या पुढे उभा राहून सगळ्यांत जोरात ओढत होता.

कठड्याजवळ दोर एकदम हलका झाला.

टोक वर आलं. खुर्चीची गाठ. दोन्ही फास रिकामे, पण आवळलेले नव्हते. अंगाभोवती असावेत तसे फुगून राहिले होते. मी बघत असतानाच ते एकेक करून सैल झाले आणि जमिनीवर पडले.

"भाऊ," लवू म्हणाला, "टोप बघा."

कठड्यावर, भर उन्हात, टोप ठेवला होता तसाच होता. त्याच्या काचेवर आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली. भराभर, धाप लागलेल्या माणसासारखी.

मी धावत जाऊन भाता धरला आणि मारायला लागलो.

धोंडूला हॉस्पिटलात न्यायला गाडी आली, मालन त्याच्याबरोबर गेली. आम्ही टोप दोन्ही हातांनी उचलून आमच्या गाडीत बाकावर ठेवला. लवूनं गाडी इतकी सावकाश चालवली की सायकलवाले पुढे जात होते. मी भाता सोडला नाही, हात भरून आला तेव्हा सहदेवनं घेतला, मग भाऊंनी.

संध्याकाळी ड्युटी बदलली. दुसऱ्या पाळीचा विद्याधर गाडीत डोकावला. ठाण्यातला सगळ्यांत टवाळ माणूस, देवाचीसुद्धा टिंगल करायचा. त्यानं काचेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि माझ्या हातातून भाता घेतला.

"आता बरा श्वास घेतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "तू जा, जेवून घे."