वाकडीलाही मोजा

दर हिवाळ्यात आमच्या पाड्यावर मानमोडीनं कोंबड्या पटापट मरायच्या आणि मोजणीचा यंत्रमानव मात्र दर वर्षी सांगायचा, "इथे हा रोग आढळत नाही." आता बोला.

यंदा तो आमच्या अंगणात बसला तेव्हा मी त्याला तोंडावरच विचारलं. त्याचं नाव मोजक्या. सहा पायांनी सातपुड्याचे चढ चढून तो देशभरातल्या कोंबड्या तपासत फिरतो.

"रेवा, मलाही हेच कोडं पडलंय," तो म्हणाला. "मानमोडी विषाणूमुळे होते. त्यातून वाचलेल्या कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेले कण) कित्येक महिने राहतात. तुमच्याकडे लस अजून आलेली नाही, म्हणजे प्रतिपिंडं दिसली तर रोग होऊन गेला. पण मला एकाही थेंबात ती दिसत नाहीत."

"मग सगळ्याच कोंबड्या तपास की."

"देशात कोट्यवधी आहेत गं. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसा मी नमुना (सगळ्यांच्या वतीनं निवडलेले थोडेच) घेतो. फक्त वरवरचं शीत नको, म्हणून चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येक कोंबडीला सारखीच संधी. शंभरात कितींना रोग होऊन गेला ते कळलं, की जिथे आकडा मोठा तिथे लस आधी जाते. तुमच्याकडे किती कोंबड्या?"

"अकरा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का गं?"

माझे कान तापले. बारावी कोंबडी, वाकडी, मी घरात बांबूच्या पाटीखाली दडवली होती. गेल्या हिवाळ्यात तिला मानमोडी झाली. चमच्यानं पाणी पाजून मी तिला जगवलं, पण पाड्यावर वाचलेल्या बाकी कोंबड्यांसारखी तिचीही मान वाकडीच राहिली. अशी कोंबडी दिसली की नेऊन मारतात, असं पाड्यावर सगळेच म्हणायचे. म्हणून मोजक्या आला की घरोघरी वाकड्या माना पाटीखाली जायच्या. वाचलेल्या कोंबड्याच आम्ही लपवत होतो, मग त्याला प्रतिपिंडं सापडणार कुठून? आणि लस तरी येणार कशी?

पण वाकडी माझी होती. मला रडूच आलं.

"बारा," मी म्हणाले आणि तिला कुशीत घेऊन बाहेर आले. "पण हिला नेऊ नकोस."

मोजक्यानं तिच्या घशात कापसाचा बोळा फिरवला, रक्ताचा थेंब घेतला. मी डोळे मिटून घेतले.

"विषाणू आता नाही. प्रतिपिंडं भरपूर आहेत," तो म्हणाला. "हिला कशाला नेऊ? ही लढून जिंकलीय."

"मग लिही ना हिला."

"तसं चालणार नाही. लपवली तर आकडा आटतो, मुद्दाम आणलेली धरली तर फुगतो. आता बारा चिठ्ठ्या टाकू."

मी तीन उचलल्या. वाकडीची आलीच नाही. माझा चेहरा पडला.

"तिची चिठ्ठी डब्यात होती, ते महत्त्वाचं," मोजक्या हळूच म्हणाला. "सगळ्या घरांनी टाकल्या, तर कुणाची ना कुणाची येईलच."

मग मी वाकडीला काखेत घेऊन, मोजक्याला बरोबर घेऊन शेजारच्या जमनाआजीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. आजी वाकडीची मान कुरवाळत राहिली. मग आत जाऊन तिनं पाटी उचलली.

"माझ्या सात नाहीत रे बाबा," ती मोजक्याला म्हणाली. "नऊ आहेत. लिही."

संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांच्या पाट्या उचलल्या गेल्या. पाड्याचा आकडा आला, शंभरात अठरा. हिवाळ्याआधी लस येणार आहे. वाकडीला मी आठ अंड्यांवर बसवलंय. ही लस डोळ्यांत थेंब टाकून देतात, आणि तिच्या पिल्लांच्या डोळ्यांत पहिला थेंब मीच घालणार आहे.