टेपवरच्या बाईंचं श्रुतलेखन

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बेलारूशियन शिकायला निघालेली बाई शारजाच्या अल मजाज भागातल्या त्या अठरा मजली इमारतीत एकच होती, ती म्हणजे अनुराधा. घरात मुलगी शुभ्रा मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि नवरा सुजीत पहाटे दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचा तो अंधार पडल्यावरच उगवायचा. अशा घरात आणखी एक भाषा आणून ती बोलणार कुणाशी, देव जाणे! पण तिला बोलायचं नव्हतंच. तिला नोकरी हवी होती. शारजातल्या एका विद्यापीठात बेलारूसच्या खेड्यांमधल्या जुन्या ध्वनिफिती आल्या होत्या आणि त्या ऐकून लिहून काढणारं माणूस हवं होतं. अट एकच, पदविकेची श्रुतलेखनाची परीक्षा पास. एकवीस वर्षं व्हिसावर ‘हाऊसवाइफ’ म्हणून वावरलेल्या अनुराधाला त्या फितींच्या खोलीतलं टेबल हवं होतं, अगदी हट्टाने हवं होतं.

परीक्षेत ती दोनदा आपटली होती. तिसरा प्रयत्न शेवटचा.

गंमत म्हणजे तिचा कान पक्का होता. या भाषेत बरंचसं जसं बोलतात तसंच लिहितात. पाण्याला ‘वदा’, पण अनेकवचनात जोर पहिल्या अक्षरावर आला की ‘वोदी’, आणि लिहायचंही तसंच. साखरेच्या ‘चुकर’मधला च थेट आपल्या चमच्यातला. घशात घासून येणारा ग तिला वर्गातल्या उमैमाने शिकवला. उमैमाचं घर मूळचं रत्नागिरीचं, अरबीतला गैन तिच्या जिभेवर लहानपणापासून बसलेला.

अनुराधाला नडत होती ती सवय. पुण्याच्या शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या आणि वाक्य लिहून झालं की वर्ग एका सुरात ओरडायचा, “झालं, बाई!” मगच पुढचं वाक्य. ही शिस्त अंगात इतकी मुरलेली, की अनुराधा अजूनही प्रत्येक वाक्यानंतर पेन उचलून “झालं” पुटपुटायची. टेपवर दोन वाक्यांमध्ये जागा बारा सेकंदांची. तिचं “झालं” येईपर्यंत टेप पुढचं अर्धं वाक्य बोलून मोकळी.

“अनु, खलास कर आता,” सुजीत म्हणाला. “थर्ड टाइम फेल झालीस तर? सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.”

“आई, जस्ट ड्रॉप इट,” मोबाइलमधून मान न काढता शुभ्रा.

“माझं मी बघते,” अनुराधा म्हणाली आणि सकाळी नऊला विद्यापीठाच्या लॅबमध्ये जाऊन बसली.

सरावाच्या फितीवर एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. कोरडा, स्वच्छ, किंचित खाकरणारा. या बाई कुठल्याशा खेड्यात शाळेत शिकवायच्या, एकोणीसशे अडुसष्टमध्ये त्यांचा आवाज टिपला आणि पुढच्याच हिवाळ्यात त्या वारल्या, एवढं शिकवणाऱ्या याद्विगा मॅडमना ठाऊक होतं. नाव कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

त्या मंगळवारी सातव्या वाक्याला अनुराधा अडखळली. खाडाखोड करून, पुन्हा लिहून, सवयीने म्हणाली, “झालं.” मिनिटभर तरी गेलं असेल, पण आठव्या वाक्याचा आवाज आला तो त्यानंतरच.

तिने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. पुढच्या वाक्यानंतर मुद्दाम गप्प बसली. बारा सेकंद गेले. तीस गेले. एसीची घरघर, खिडकीबाहेर पांढरंफटक ऊन. दीड मिनिटाने तिने हळूच म्हटलं, “झालं.”

बाईंनी पुढचं वाक्य सांगितलं.

तिने हेडफोन उमैमाच्या कानाला लावला. “टेप थांबतेय ना मधेमधे?”

“कुठे, ताई? नॉर्मल तर आहे.” उमैमाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “यल्ला, चल, चहा घेऊ. रोज इतकं ऐकून डोकं फिरतं माणसाचं.”

डोकं फिरलं असेल तर फिरू दे, असं अनुराधाने ठरवलं. कारण आता बाई चुकाही दाखवू लागल्या होत्या. ती चुकीचं अक्षर काढायची आणि तोच शब्द कानात पुन्हा यायचा, सावकाश, जोर कुठे ते समजेल असा. अनुराधाला भीती वाटायची, खरंच वाटायची. पण आयुष्यात तिच्यासाठी इतकं थांबलं होतं कोण? तीन आठवड्यांत तिची वही अगदी स्वच्छ झाली, एक खाडाखोड नाही.

परीक्षा गुरुवारी सकाळी दहाला. नऊ उमेदवार, नऊ हेडफोन. पर्यवेक्षकांनी बजावलं, “कुणाचे ओठ हलले तरी पेपर काढून घेईन.”

म्हणजे ‘झालं’ म्हणता येणार नव्हतं.

पहिलं वाक्य आलं, त्याच बाईंच्या आवाजात. ती लिहीत राहिली. बारा सेकंद केव्हाच उलटले असणार. कानात शांतता.

तिने पूर्णविराम दिला. ओठ घट्ट मिटले. फक्त पेन उचललं.

लगेच दुसरं वाक्य आलं.

म्हणजे बाई ऐकत नव्हत्या. बघत होत्या.

तिच्या मानेवर काटा आला. तरी ती दुसरं वाक्य लिहू लागली.

टेप तिच्यासाठी इतकी थांबली, तरी नऊच्या नऊ जणांनी पेनं एकदमच खाली ठेवली.

सोमवारी याद्विगा मॅडमनी तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. शंभरपैकी शंभर! विभागात असं आजवर झालं नव्हतं. तिने तिथूनच सुजीतला आणि घरी फोन लावला. सुजीत ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “माझी बायको पहिली आली!” शुभ्रा चक्क मराठीत म्हणाली, “आई, भारी गं!” अनुराधा रडली आणि रडतानाच हसली.

“फक्त हे शेवटचं वाक्य आमच्या मजकुरात नव्हतं,” मॅडम पेपर दाखवत म्हणाल्या. “एकही चूक नाही, म्हणून गुण कापले नाहीत. सुचलं कसं?”

अक्षर तिचंच होतं. लिहिल्याचं आठवत नव्हतं. तिने वाचलं: ‘आता तू सांग, मी लिहिते.’

पुढच्या सोमवारी तिने फितींच्या खोलीचं दार स्वतःच्या किल्लीने उघडलं. दारावर तिच्या नावाची पाटी होती. ती ऐटीत खुर्चीवर बसली, हेडफोन चढवला आणि यंत्र सुरू न करताच, खणखणीत बेलारूशियनमध्ये एक वाक्य म्हणाली. उच्चार असा लागला की तिचा तिलाच अभिमान वाटला.

मग कानात, अगदी जवळून, दौतीच्या काठाला टाक टेकल्याचा आवाज झाला आणि कागदावर करकर सुरू झाली.