नदीवरून निघताना घेतलेलं नाव

माणूस पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांनी नदीवर जाऊन डोकी धुवायची असतात. भाताचा पेंढा जाळायचा, त्याची राख पाण्यात कालवायची, त्या पाण्याने एकमेकांची डोकी चोळायची आणि बुडी मारायची. मनिलाच्या उत्तरेला, इलोकोसच्या त्या गावात हे अजून कुणी चुकवत नाही. पानिंगला गुरुवारी मातीत ठेवलं आणि शुक्रवारी, चौदा नोव्हेंबरला, सकाळीच घरचे सगळे नदीवर गेले.

तिचा धाकटा भाऊ डोमिंग एक्याऐंशी वर्षांचा. लकव्यानंतर त्याचा उजवा हात नुसता लोंबायचा. त्याचं डोकं पानिंगच्या सुनेने धुतलं. तो काठावरच्या दगडावर बसून चपला घालेपर्यंत बाकीचे वर रिक्षांपाशी गेलेही होते. निघताना त्याने पाण्याकडे तोंड करून हाका दिल्या. मग मागून कुणीतरी त्याच्या ओल्या डोक्याला काळा रुमाल गुंडाळून बांधला. वारं लागू नये म्हणून पानिंगची नात रोवेलिन आली असेल, असं त्याला वाटलं.

रात्री जेवणं झाली. वादळात गेलेली वीज अजून आली नव्हती. पानिंगच्या तसबिरीपुढे भात, उकडलेलं अंडं आणि सुपारीचं ताट मांडलेलं होतं. डोमिंग ओसरीवर बसला होता, रुमाल तसाच डोक्याला. पानिंगची नातवंडं त्याच्याजवळ येऊन टेकली. रोवेलिन बारा वर्षांची. जेझरेल कॉलेजातला, मनिलाहून आलेला.

"आजोबा, सिसिंग कोण?" रोवेलिनने विचारलं.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सकाळी हाक मारलीत की. 'सिसिंग, चल. डोमिंग, चल.' मी वर रिक्षात होते, तिथवर ऐकू आलं."

जेझरेल हसला. "जुनी मैत्रीण असणार. आजोबा, छुपे रुस्तम निघालात!"

"जीभ आवर, माकडा. तुझ्या आजीची बहीण ती. माझीही."

"आजीला बहीण होती?"

डोमिंगने ताटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मानांगने मला सांगितलं तसंच सांगतो." थोरल्या बहिणीला तो जन्मभर मानांगच म्हणत आला. "तिथे मीही होतो म्हणा. पण मला काय ठाऊक, मी तिच्या पाठीवर होतो."

पंचेचाळीस सालचा मार्च. जपानी फौज किनाऱ्याकडून मार खात डोंगराकडे सरकत होती आणि तिच्या वाटेवरची गावंच्या गावं रानात लपली होती. पानिंगचा बाप जपान्यांशी लढणाऱ्या गनिमी टोळीत गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. आई गोर्या तीन लेकरं घेऊन एका घळीत राहत होती. आठ वर्षांची पानिंग, पाच वर्षांची सिसिंग, आणि डोमिंग तान्हा. रताळी उकडून खायची, तीही अळणी. मीठ संपून महिना झाला होता. बायकांची तोंडं सुजली होती.

सिसिंग डावखुरी. आई डोमिंगला पानिंगच्या पाठीवर द्यायची आणि सिसिंग मागून झोळीची टोकं ओढून गाठ मारायची. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. गाठ नेहमी उलटी, डाव्या खांद्यावर, आणि वर पुन्हा एकदा आवळलेली.

"देवाने उजवा हात काय माशा मारायला दिलाय का गं?" आई म्हणायची. "ही सोडवायला आता कोयता आणू?"

"मग पडणार नाही ना तो," सिसिंग म्हणायची.

मार्च लागता लागता तिला ताप भरला. आठवडाही काढला नाही तिने. घळीखालच्या ओढ्याकाठी, बांबूच्या बेटाखाली, चटईत गुंडाळून पुरली. त्या दिवसांत शवपेटी कुठून आणणार?

"आजी कधी बोलली नाही," जेझरेल म्हणाला.

"नाव रोज घ्यायची, पुटपुटत. तुम्ही ऐकलं नाहीत."

गावातल्या घराच्या जिन्याखाली गोर्याने मिठाचा रांजण पुरून ठेवला होता. तो आणायचं तिने ठरवलं तो दिवस नेमका गुड फ्रायडे. घळीतली वैदीण, म्हातारी इस्टा, तिला अडवायला आली. "आज नको गं जाऊ. आज देव मेलेला असतो. राखायला कोणी नसतं."

"देव मेला असेल," गोर्या म्हणाली, "माझी लेकरं अजून जिवंत आहेत."

डोमिंग अंगावर पिणारा, त्याला ठेवून जाता येईना. ओझं वाहायला पानिंग. तिन्हीसांजेला निघाले. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. रांजण जागच्या जागी होता. गोर्याने मीठ फडक्यात बांधलं, पानिंगच्या जिभेवर चिमूटभर ठेवलं. येताना पानिंग वाटभर ओठ चाटत होती. पौर्णिमा दोन दिवसांमागे झालेली, चांदणं चांगलं होतं. ओढ्याशी थांबून ते पाणी प्याले. गोर्याने डोमिंगला पाजलं. बांबूच्या बेटाकडे तिने पाहिलं नाही.

मग उठली, आणि उठताना रीतीप्रमाणे हाका दिल्या.

इथे डोमिंग थांबला. "का देतात हाका, माहितीय ना?"

"माहितीय," रोवेलिन म्हणाली. "पाण्याशी नाहीतर भ्यालेल्या जागी जीव रेंगाळतो. नाव घेऊन सोबत न्यायचा. नाहीतर माणूस घरी येतो, जीव तिथेच. मग ताप येतो."

"जिवंत माणसाचं नाव घ्यायचं. जिवंत माणसाचंच. आईची जीभ मात्र वळणाला पडलेली. रोज तीच नावं, त्याच क्रमाने... 'पानिंग, चल. सिसिंग, चल. डोमिंग, चल. कुणी मागे राहू नका.'"

रोवेलिन जेझरेलला खेटून बसली.

गोर्याने तोंडावर हात दाबला. नाव तर निघून गेलं होतं. बेटात बांबूवर बांबू घासल्याचा आवाज आला. वारा नव्हता.

"आई..."

"काही नाही. चल. मागे बघू नकोस."

चढ लागला. आई पुढे, पानिंग मागे. पानिंगच्या मागे कुणी असायला नको होतं. पण पाऊल वाजत होतं. ओलं, लहान, अनवाणी. पानिंग थांबली की थांबायचं. चालली की चालायचं.

आईलाही ऐकू येत होतं. ती एकदाही वळली नाही. फक्त चालता चालता रडत होती, आवाज न करता.

अर्ध्या चढावर समोरून माणसांची बोली आली. परकी. बरीच माणसं. झाडांमधून एक दिवा हलला.

गोर्याने झटक्यात डोमिंगला पानिंगच्या पाठीवर घातलं, घाईत गाठ मारली. "वर जा. घळ येईपर्यंत थांबू नकोस. त्याला रडू देऊ नकोस. मी आलेच." आणि मिठाचं गाठोडं घेऊन ती उलट्या दिशेने उतरत गेली. मुद्दाम फांद्या मोडत, मुद्दाम खोकत.

आवाज तिकडे वळले. दिवाही वळला.

थोड्या वेळाने दोन बार झाले.

"आणि आई?" रोवेलिनने विचारलं.

डोमिंगने डोकं हलवलं. नाही.

पानिंग चढत राहिली. एक आडवं पडलेलं झाड ओलांडलं. पुढे गेली. पुन्हा आडवं झाड. तेच. तिसऱ्यांदा तेच झाड आलं तेव्हा तिला कळलं. चकवा. त्या डोंगरात घोड्याच्या तोंडाचा तो उंच राहतो, टिकबालांग, तो वाटसरूला गोल गोल फिरवतो. उपाय आईने शिकवला होता. अंगातलं काढायचं, उलटं करून घालायचं.

पण फ्रॉक काढायचा तर झोळी सोडायला हवी.

तिने सोडली. डोमिंगला पाल्यावर ठेवलं. फ्रॉक उलटा करून घातला. त्याला पुन्हा पाठीवर घेतलं, आणि गाठ बसेना. आठ वर्षांची पोर, हात मागे पुरेनात, मूल खाली घसरतंय. एकदा बांधली, सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. डोमिंग ओठ काढायला लागला. आता रडणार. रडला की संपलं.

ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात मागे करून मूल कसंबसं धरलं. आणि अगदी हळू म्हणाली,

"कुणीतरी बांधून द्या ना..."

रान गप्प होतं.

मग झोळीची टोकं ताठ झाली.

मागून कुणी ओढत होतं. एकदा आवळलं. डाव्या खांद्यावर. पुन्हा एकदा आवळलं.

डोमिंग हसला. तिच्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघून... खुदकन हसला.

तिने मागे पाहिलं नाही.

ती उठली. आता पाऊल मागे वाजत नव्हतं. पुढे वाजत होतं. दिसत काही नव्हतं, ओलं पाऊल तेवढं ऐकू यायचं. त्याच्यामागून ती चालली. एका वळणावर ते थांबलं. तीही थांबली. हाताच्या अंतरावरच्या वाटेवरून शिपायांची रांग गेली. एकाचा बूट फाटका होता, तो पाय ओढत होता. मूल जागं होतं. रडलं नाही.

रांग गेली. पाऊल पुढे निघालं.

उजाडताना घळ आली.

म्हातारी इस्टा झोळी सोडवायला बसली. नखं लागली, दात लागले, गाठ काही सुटेना. "कुणी मारली गं ही?" शेवटी कोयत्याने कापली. कापलेली गाठ हातात घेऊन इस्टाने ती उलटसुलट पाहिली. सिसिंगची गाठ घळीत सगळ्यांना ओळखीची होती.

"ओढ्यावर कुणाचं नाव घेतलंत?"

पानिंगने सांगितलं.

"तिला परत जायला सांग, पोरी. मेलेल्याला हाक दिली की तो सोबत येतो. सांगितल्याशिवाय जात नाही."

पानिंगने विचार केला. "तिकडे ती एकटी राहील," ती म्हणाली. "आता आईपण नाही. मी नाही सांगणार."

"नाहीच सांगितलं," डोमिंग म्हणाला. "ऐंशी वर्षं. बाजारातून, चर्चमधून, दवाखान्यातून, कुठूनही निघताना तीन नावं. तिचं लग्न झालं तेव्हाही. नवरा म्हणायचा, ही बाई लग्नात एकटी नाही आली, वऱ्हाड घेऊन आलीय."

जेझरेल हसला नाही. "मग सकाळी..."

"सकाळी मानांगचं नाव ओठांवर आलं होतं. जिवंतांचंच घ्यायचं असतं, म्हणून दात दाबून धरलं. ते आत राहिलं... आणि दुसरं निसटलं." त्याने डाव्या हाताने गुडघा चोळला. "आईसारखंच झालं."

तसबिरीपुढची मेणबत्ती फडफडली, पुन्हा सरळ झाली. आत कुणीतरी मोरीत पाणी ओतलं. नुसतं पाणीच होतं, तरी तिघांनी तिकडे पाहिलं.

"चला, झोपा आता," डोमिंग म्हणाला. "रोवेलिन, हा रुमाल सोड बाई. सकाळपासून डोकं आवळलंय. फार घट्ट बांधलास तू."

"मी?"

"मग कोणी? नदीवर."

"मी वर होते, आजोबा. रिक्षात. सांगितलं ना."

डोमिंगने जेझरेलकडे पाहिलं. जेझरेलने नाही म्हणून मान हलवली. डोकं धुऊन देणारी जेझरेलची आई तर पहिल्याच रिक्षाने परतली होती.

रोवेलिन मेणबत्ती घेऊन मागे गेली. रुमालाभोवती मेणबत्ती फिरवत राहिली.

"काय गं?"

"गाठ मागे नाहीये, आजोबा. डाव्या कानावर आहे."

"बरं."

"वर अजून एक आहे." तिने नखाने ओढून पाहिलं. मग दातांनी. "सुटत नाहीये... जेझरेल, कात्री आण."

जेझरेल उठला.

"नको," डोमिंग म्हणाला. त्याचा डावा हात हळूहळू वर गेला आणि गाठीवर येऊन थांबला. "कापू नका. राहू दे."