द्वारकाकाकूंची भूक

अख्ख्या सांगलीत भूक लागणारं माणूस आता एकच उरलं होतं, द्वारकाकाकू मेहेंदळे. बाकीचं शहर सकाळी एक पोषणवडी पाण्याबरोबर गिळायचं आणि दिवसभर जेवणाचं नावही काढायचं नाही. मधुमेह गेला, सुटलेली पोटं गेली आणि काकूंची चाळीस वर्षांची खानावळही गेली. खानावळवालीनेच भूक मारून टाकायची, हे काही काकूंना पटलं नव्हतं. त्या रोज बाराला स्वयंपाक करत आणि एकट्याच जेवत. शेजारी खिडकीतून गंमत बघत.

त्या दुपारी डॉ. हेरंब शेटे आला. कॉलेजात असताना तो इथेच पोळ्यांचा फडशा पाडायचा. पुढे साऱ्या शहराने टोचून घेतलेलं, भूक घालवणारं ‘क्षुधांत’ हे इंजेक्शन शोधलं तेही त्यानेच. काकूंनी लगेच ताट वाढलं.

"नेमकं केलंस काय रे? मला कळेल असं सांग."

"काकू, कार्बनच्या अणूंना ऐसपैस बसायची सवय. आम्ही तिघांना दाटीवाटीने एका त्रिकोणी कड्यात कोंबलं. ते कडं सतत ताणलेलं, सुटायला टपलेलं. भूक चालवणाऱ्या जनुकापाशी पोचलं की फटकन उघडतं आणि त्यालाच चिकटतं. जनुक बंद."

"आणि परत सुरू करायचं म्हटलं तर?"

"नाही होत. उघडलेलं कडं पुन्हा मिटत नाही."

बोलता बोलता त्याने सहा पोळ्या संपवल्या. काकू हरखल्या. त्या आग्रह करत गेल्या, तो खात गेला. अकराव्या पोळीला त्याच्या कपाळावर घाम फुटला, तरी हात थांबेना.

"अरे, पुरे म्हण की!"

"कधी म्हणायचं ते कळत नाही, काकू. पोट भरल्याचं सांगायचं कामही त्याच जनुकाचं होतं. तुम्ही वाढाल तोवर खायचं, एवढं ठरवून आलो होतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

काकूंनी त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं. रिकाम्या खानावळीतही त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"ते इंजेक्शन आहे तुझ्याकडे?"

"बॅगेत असतं. पण तुम्ही नको, काकू! भूक म्हणजे काय हे सांगणारं मग कुणी उरणार नाही."

"मी सांगते, पण ऐकायला कोण आहे? रोज बाराला भूक लागते आणि ‘चल, जेवू’ म्हणावं असं एक माणूस नाही. काढ ते बाहेर." मग त्या जरा थांबल्या. "थांब. आत्ता कडकडून लागलीये. आधी जेवते."

काकू सावकाश जेवल्या. हेरंब समोर बसून बघत राहिला. शेवटचा ताकभात संपवून त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि दंड त्याच्यापुढे केला.