शेजारी कुणी बसलं तर

कंदिलाची वात जरा कमी करा, डोळ्यावर येते. वीज काही इतक्यात येत नाही, तोवर सांगतो. फार काही नाही, एक प्रिंटर दुरुस्त करायला मिरजोळ्याला गेलो होतो, त्या दिवसाची गोष्ट.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते, आणि होते तिथे त्यांची जावयासारखी बडदास्त. थंडगार खोली, काचेचं दार, चपला बाहेर काढायच्या. त्यांचे प्रिंटर बघायला मुंबईच्या कंपनीने मला इथे ठेवलं होतं. आताच्यासारखे मुके प्रिंटर नव्हते ते. शाईच्या रिबनीवर सुया आपटत, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर कर्रर्र कर्रर्र करत छापायचे. आजार ठरलेले. अक्षर फिकं आलं तर रिबन वाळली. अक्षरात पांढरी रेघ दिसली तर एखादी सुई तुंबली, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. कागद तिरका झाला तर भोकं दात्यांवर नीट बसवायची. आणि काहीच छापत नसेल तर आधी बघायचं, वायर लावली आहे ना! निम्म्या वेळा ती लावलेलीच नसायची आणि साहेब लोक मशीनला शिव्या घालत बसलेले असायचे. नाचता येईना अंगण वाकडं.

मी मूळचा लांज्याकडचा. आई-वडील लहानपणीच गेले. शहरात एक भाड्याची खोली होती आणि खानावळीचा डबा. एकट्यासाठी स्टोव्ह कशाला पेटवायचा म्हणून कित्येक संध्याकाळी मी चहासुद्धा करत नसे. एकटेपणाला मी विटलो होतो, अगदी स्पष्ट सांगतो. अशात ओळखीच्या दादूकाकांनी गणपतीपुळ्याचं एक स्थळ आणलं. मुलीचं नाव गोदा. बापाचं देवळाजवळ नारळाचं दुकान.

"काशीराम, दुपारच्या गाडीला स्टँडवर हजर राहा," दादूकाकांनी बजावलं होतं. "गाडी चुकवलीस तर मी परत तुझ्यासाठी कोणाची पायरी चढायचो नाय. आणि दाढी करून ये."

दाढी करत असतानाच मिरजोळ्याचा निरोप आला.

तिथल्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी गोठवण्याचा एक कारखाना होता. आता नाही. खोक्यांवर चिकटवायची लेबलं कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर छापत. लेबलं नाहीत म्हणून माल अडला होता, ट्रक दारात उभा होता, आणि माझ्या कंपनीने फोनवर सांगितलं होतं की प्रिंटर चालू झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. म्हटलं, सकाळ आपलीच आहे. तासाभराचं काम.

कारखान्यात कोळंबीचा आणि अमोनियाचा वास नाकात बसत होता. कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत मला गुणवंतीताई घेऊन आली. पॅकिंगच्या बायकांवरची ही मुकादम, मिरकरवाड्याची, आवाज धक्क्यावर लिलाव करणाऱ्या बाईचा. पण काचेच्या दाराशी आल्यावर तिचा आवाज एकदम उतरला. मी चपला काढल्या. तिने काढल्या नाहीत.

"तुम्ही येत नाही आत?"

"मी इथूनच बघतंय," ती म्हणाली. "आणि साहेब, तो बिघडलेला नाय. शेजारी कोण बसला तर चालतो."

मी हसलो. आत जाऊन खुर्चीवर बसलो, बटण दाबलं, आणि प्रिंटर खरंच सुरू झाला. अक्षर कसं ठसठशीत! एक पान, दुसरं पान. मी उठून दारापर्यंत आलो मात्र, ओळीच्या मध्यात आवाज थांबला. हिरवा दिवा विझला.

खुर्चीखाली वायर ओढली जात असेल म्हणून वायर बदलली. उठताना जमीन हलत असेल म्हणून टेबलाखाली पुठ्ठे घातले. कागद संपल्याचं कळवणारी एक बारीक कळ असते, तिच्यात कागदाचा भुसा अडकतो, ती फुंकून साफ केली. सुयांवरून बोळा फिरवला. मग पुन्हा बसलो. कर्रर्र... सुरू. उठलो की बंद. खुर्चीवर माझी हत्यारांची जड पेटी ठेवून बघितली. पेटीला तो फसला नाही.

दरम्यान मला एक वास जाणवायला लागला होता. मासळीचा नव्हे. बंद खोलीत दोरीवर वाळलेल्या कपड्यांचा, कधी न उघडणाऱ्या खिडकीचा, एकट्या पुरुषाच्या बिऱ्हाडाचा वास. तो मी लगेच ओळखला, कारण रोज कुलूप काढलं की माझ्या खोलीतून तोच वास येत असे. आणि खुर्चीत बसलं की डाव्या कानापाशी असं वाटे की कुणीतरी श्वास रोखून धरलाय... मी आता उठेन या भीतीने.

मी बाहेर आलो. "ताई, इथे कोण बसायचं?"

गुणवंतीताईने पदराने तोंड पुसलं. "केरू. वरच्या अंगाच्या, डोंगराकडच्या गावचा होता. मागंपुढं कोण नाय. शिमग्यात सगळी आपापल्या गावाला जायची, हा इथंच. एक दिवस छापता छापता बसल्या जागी गेला."

"कसा?"

"छातीत आलं म्हणतात. पण मशीन चालूच होतं ना. आम्ही सगळी या काचेसमोरनं जातयेत होतो. आवाज येतोय म्हणजे केरू कामात आहे, आत कशाला बघायचं? कागद संपला, आवाज थांबला, तेवा कोणीतरी डोकावून बघितलान. अंग गार झालेलं."

तिने काचेतून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाली, "दहाव्याला आम्हीच भाट्याच्या समुद्रावर पिंड ठेवला. सुरूच्या झाडांवर कावळे ही गर्दी, पण खाली एक उतरंल तर शपथ. मॅनेजर बोलले, तुझं छप्पर शाकारून देतो. कोण बोलला, तुझ्या गावच्या देवीची ओटी भरतो. मी बोलले, वर्षाला तुझ्या नावाचं पान वाढायला चुकवायची नाय. हात जोडून जोडून दमलो. नाय शिवला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केलानी आणि शिववलानी. काय पाहिजे होतं त्याला, कोणाला कळलंच नाय..."

"मग कुणीतरी बसा की त्याच्या शेजारी. मला दुपारची गाडी गाठायची आहे."

"दोघं बसली होती. आता ती कामावर यायला पण तयार नायत."

मी घड्याळ बघितलं. निम्मी लेबलं राहिली होती. बसून छापली असती तर दादूकाका स्टँडवर वाट बघून घरी गेले असते. सोडून निघालो असतो तर नोकरी गेली असती, आणि बेकार माणसाला गोदाच काय, कुणीही मुलगी दिली नसती. मला रडू यायचं बाकी होतं. मी पुन्हा आत गेलो, दार लावलं. खुर्चीत बसलो नाही, तिच्या बाजूला उभा राहिलो. तो वास आता इतका दाट होता की मला स्वतःचीच कीव आली. आणि त्याचीही. खरं सांगतो, त्या क्षणी भीती कमी होती, कीव जास्त.

हात जोडले. अर्धं गमतीने, अर्धं मनापासून बोललो, "केरू, इथे एकटा बसू नकोस. माझ्या खोलीवर ये. मीही एकटाच असतो. मी तुला सोडून कुठे जाणार नाही..."

वाक्य पुरं होण्याआधी प्रिंटर सुरू झाला.

मी दारापर्यंत गेलो. तो चालू. बाहेर गेलो. तो चालूच. काचेआड रिकामी खुर्ची आणि घडी घडी होऊन जमिनीवर उतरणारा कागद. बायका धावत आल्या, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. गुणवंतीताईने मात्र माझा दंड धरला.

"काय बोललात आत?"

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"अहो, छप्पराचं वचन द्यावं, पानाचं द्यावं... सोबतीचं देतात काय कोणी? सख्ख्या भावाला पण देत नायत!"

मग तिने चपला काढल्या आणि आत गेली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, डोळे मिटून उभी राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता, पण ती माझ्याकडे बघेना.

"आत आता कोण नाय," एवढंच म्हणाली. "तुम्ही जा. जपून जा."

गाडी मिळाली. दादूकाकांनी स्टँडवर शिव्या घातल्या, मग स्वतःच्या हाताने माझी कॉलर सरळ केली. मी खुशीत होतो. मिरजोळ्याची गोष्ट त्यांना सांगितली नाही, शुभकार्याला निघताना कुठे असलं बोलायचं! वाटेत समुद्र दिसायला लागला तेव्हा मी मनातल्या मनात खोलीत दोन भांडी जास्त मांडून बघत होतो.

उन्हं कलायच्या आत गोदाच्या घरी पोचलो. ओटीवर सतरंजी होती. दादूकाका एका टोकाला, मी मध्ये. गोदा पोहे घेऊन आली. सावळी, शांत, सरळ नजरेची. माझ्याकडे तिने एकदा नीट बघितलं आणि मला ती तिथेच आवडली. मग तिची नजर किंचित बाजूला गेली, थांबली, आणि खाली वळली. मला वाटलं, लाजली.

उत्तर यायला काही दिवस लागले. दादूकाका स्वतः खोलीवर आले. आत बोलावलं तर उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, घाई आहे.

"मुलगी नाय म्हणते."

"का? मी आवडलो नाही?"

"आवडलास. मुलगा चांगला आहे म्हणाली. पण..." त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्याबरोबर तू कोणाला आणलं होतंस रे?"

"कुणाला नाही. तुम्ही आणि मी."

"मी पण तेच सांगितलं. ती ऐकत नाय. म्हणते, ह्यांच्या डाव्या अंगाला एक बारकासा माणूस चिकटून बसला होता. माझ्याकडं एकदा पण बघितलान नाय. डोळा न हलवता ह्यांच्याच तोंडाकडं बघत होता."

मी डावीकडे वळून बघितलं.

"बापाने खूप समजावलान," दादूकाका म्हणाले. "ती भांडली नाय, रडली नाय. तिने एकच विचारलान... लग्न झाल्यावर तो कुठं झोपणार?"